वेगाची मर्यादा आणि घाटाचा चढ



विजेवर चालणाऱ्या सायकलींचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे पुण्या-मुंबईचे रस्ते उभे राहतात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढेही तेच उभे राहिले असावेत. या कायद्याची खरी परीक्षा मात्र जिवतीसारख्या ठिकाणी आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, माणिकगडच्या डोंगरावर हा तालुका वसलेला आहे. खाली गडचांदूरच्या परिसरात सिमेंटचे कारखाने आणि अवजड मालमोटारींची अखंड रांग. वर घाट चढून गेले की कोलामांचे गुडे, गोंडांची गावे, बंजाऱ्यांचे तांडे आणि दुष्काळात मराठवाड्यातून येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांच्या वस्त्या. तालुक्यात रेल्वे नाही. शाळा, बाजार, दवाखाना आणि कचेरी यांच्यामधले अंतर पायांनी, बैलबंडीने, एसटीने किंवा कुणाच्या तरी मोटारसायकलीच्या मागे बसून कापावे लागते. अशा मुलखात स्वस्त, पेट्रोलविना चालणारे दुचाकी वाहन ही केवळ सोय नव्हे. तो शिक्षणाचा आणि मजुरीचा प्रश्न आहे. म्हणूनच अशा वाहनाला कायद्याने किती वेग आणि किती शक्ती द्यावी, हा विषय तज्ज्ञांच्या समितीवर सोपवून मोकळे होण्याजोगा नाही.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहिले पाहिजे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ चे. त्यांत पुढे बॅटरीवर चालणाऱ्या वाहनाची व्याख्या घालण्यात आली. त्या व्याख्येनुसार ज्या दुचाकीच्या मोटरची तीस मिनिटे टिकणारी शक्ती पाव किलोवॅटपेक्षा, म्हणजे २५० वॅटपेक्षा कमी आहे, जिचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि बॅटरी वगळता जिचे वजन ६० किलोपेक्षा अधिक नाही, ती दुचाकी ‘मोटार वाहन’ मानली जात नाही. योग्य ब्रेक, पुढे पांढरा व मागे लाल परावर्तक असला आणि अधिकृत चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र असले की झाले. मोटार वाहन नाही म्हणून नोंदणी नाही, परवाना नाही, विम्याची सक्ती नाही आणि वयाची अटही नाही.

ही शेवटची गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे पन्नास सीसीपर्यंतचे वाहनसुद्धा सोळा वर्षे पूर्ण झाल्याशिवाय चालवता येत नाही. नववीत शिकणारी मुलगी मोपेड चालवू शकत नाही. परंतु या मर्यादेतली विजेची सायकल ती उजळ माथ्याने चालवू शकते. राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाखाली आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली दिल्या जातात, त्या शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या मुलींना. सपाट गावी पाच किलोमीटर म्हणजे अर्ध्या तासाचे काम. चढावर तीच सायकल बहुतांश वाट हातात धरून ढकलावी लागते. अर्थात खरा उपाय वेळेवर येणारी एसटी हाच आहे आणि विजेच्या सायकलीचे निमित्त करून कुणी गाडी बंद करू पाहील तर त्याला विरोधच केला पाहिजे. पण २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला एसटी कामगारांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला, तेव्हा खेड्यातल्या मुलींच्या शिक्षणाचा धागा एकाच गाडीच्या वेळापत्रकाला किती नाजूकपणे बांधलेला असतो हे सर्वांनी पाहिले. दारात स्वतःचे वाहन असणे म्हणजे काय, हे त्या सहा महिन्यांत चालत गेलेल्यांना विचारावे.

तेव्हा कायद्याने दिलेली ही सूट ही गरिबांच्या मुलामुलींना मिळालेली एक खरीखुरी मोकळीक आहे. ती टिकेल की जाईल हे मात्र तिचा गैरवापर कोण आणि कसा करतो यावर अवलंबून आहे.

गैरवापर उघड आहे. ताशी २५ किलोमीटरचे प्रमाणपत्र मिळवायचे आणि प्रत्यक्षात चाळीस-पंचेचाळीसने पळणारी गाडी विकायची. कित्येक गाड्यांच्या कंट्रोलरमध्ये वेगाला लगाम घालणारी एक तार असते. ती सोडवली की लगाम सुटतो. गिऱ्हाइकाला ‘परवाना नको, पासिंग नको’ असे सांगून ओढायचे आणि वेगाची हौसही पुरवायची, असा हा दुहेरी धंदा. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने अशा बेकायदा फेरफार केलेल्या वाहनांविरुद्ध मोहीम काढण्याचे आदेश प्रादेशिक कार्यालयांना दिले. त्याच वर्षी उन्हाळ्यात विजेच्या दुचाकींना आगी लागण्याच्या घटना देशभर गाजत होत्या. मोहीम आवश्यकच होती. तथापि रस्त्यावर गाडी अडवली की हाती लागतो तो चालवणारा. तार सोडवणारा दुकानात बसलेला असतो.

त्या चालवणाऱ्याची कायद्यापुढे अवस्था काय होते हे नीट समजून घेतले पाहिजे, कारण विक्रेता त्याला ते सांगत नाही. मर्यादा ओलांडणारी गाडी त्या क्षणी ‘मोटार वाहन’ ठरते आणि तोवर नसलेली सगळी बंधने एकदम लागू होतात. केंद्रीय कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे विनापरवाना चालवण्याला पाच हजार रुपये दंड, विमा नसल्यास पहिल्या वेळी दोन हजार; नोंदणी नसल्याचा दंड निराळा. मालकाने स्वतः गाडीत फेरफार केला असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा फेरफारामागे पाच हजार दंड. आणि चालवणारी पंधरा वर्षांची मुलगी असेल तर? अल्पवयीनाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा मालक दोषी धरला जातो; त्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. मुलीच्या शाळेसाठी हप्त्यावर सायकल घेणाऱ्या बापाला आपण तुरुंगाच्या दाराशी उभे आहोत याची कल्पनाही नसते.

याहून गंभीर गोष्ट अपघाताची. समजा, अशा वाहनाने वाटेवरच्या म्हाताऱ्या माणसाला धडक दिली. गाडी कायद्याच्या मर्यादेत असेल तर ती मोटार वाहनच नव्हे. मग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येत नाही, जखमीने दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी. गाडी मर्यादेबाहेर असेल तर न्यायाधिकरणात दावा होईल, परंतु विमा नाही, म्हणून भरपाई चालवणाऱ्याच्याच अंगावर येईल. त्याच्याकडे असते काय? जिवती तालुक्यात वनजमिनीच्या पट्ट्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला आहे. जी जमीन कसली जाते ती कागदावर कसणाऱ्याची असतेच असे नाही. थोडक्यात, दोन गरीब माणसे समोरासमोर येतात; एकाचा पाय मोडतो, दुसऱ्याचे घर मोडते. ज्याने फेरफार केलेली गाडी विकली तो या चित्रात कुठेच नसतो. वस्तुतः त्याच २०१९ च्या दुरुस्तीत नियमबाह्य मोटार वाहन विकणाऱ्या वा त्यात फेरफार करणाऱ्या विक्रेत्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा प्रत्येक वाहनामागे एक लाख रुपये दंड सांगितलेला आहे. हत्यार कायद्यात आहे. ते उगारले जाते ते खालच्या माणसावर, एवढेच.

वेगाच्या मर्यादेबद्दल तडजोड नको, हे म्हणूनच प्रथम सांगितले पाहिजे. जिवतीच्या रस्त्यावर मोटारींपेक्षा इतरच अधिक असतात: गुरे, शेळ्या, बैलबंड्या, चालत शाळेला निघालेली मुले, मोहाच्या दिवसांत पहाटे टोपली घेऊन निघालेल्या बाया. विजेच्या गाडीला आवाज नसतो. मागून आलेली कळत नाही. वेग दुप्पट झाला की धडकेची ऊर्जा चौपट होते, हे शाळेतले गणित आहे. ताशी २५ ला माणूस दचकून ब्रेक दाबेपर्यंत आणि गाडी थांबेपर्यंत सुमारे अठरा मीटर अंतर जाते; ताशी ४५ ला तेच चाळीस मीटरांच्या पुढे जाते. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘एनर्जी अँड इक्विटी’ या पुस्तकात असे मांडले होते की वाहनांचा वेग ताशी पंधरा मैलांच्या, म्हणजे जवळजवळ याच आकड्याच्या पुढे गेला की समाजातली समता घटू लागते. वेगवान माणसाचा वेळ वाचतो आणि त्याची किंमत बाकीच्यांच्या वेळेने व जागेने चुकवली जाते. इलिचचे सगळेच पटावे असे नाही. दवाखान्याला निघालेल्या बाळंतिणीला ताशी पंधरा मैलांचे तत्त्वज्ञान ऐकवणे क्रूरपणाचे होईल. पण परवान्याशिवाय, विम्याशिवाय, लहान मुलाच्याही हाती देता येईल अशा वाहनाची सीमा तिथेच असावी, हे मान्य करण्यास हरकत नाही.

शक्तीच्या मर्यादेची गोष्ट मात्र निराळी आहे. कायद्याने वेग आणि शक्ती ही एकाच दावणीला बांधलेली दोन जनावरे समजली आहेत. ती तशी नाहीत.

सपाट रस्त्यावर, वारा नसताना, सत्तर किलोचा माणूस तीस किलोच्या सायकलीवर ताशी २५ ने चालला तर त्याला दोनशे वॅटच्या आसपास शक्ती लागते. तोच ताशी ५० ने जाऊ लागला तर हवेच्या रेट्यामुळे हजार-अकराशे वॅट लागतात. म्हणजे सपाटीवर शक्ती मर्यादित ठेवली की वेग आपोआप मर्यादित राहतो. २५० वॅटचा आकडा असा सपाट रस्त्याच्या गणितातून शोभतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशात पेडल मारताना साहाय्य करणाऱ्या सायकलींसाठी हेच दोन आकडे होते, आणि आपल्या नियमांतील पेडलच्या सायकलींविषयीची शब्दरचनाही जवळजवळ तीच आहे. युरोपने पेडल मारण्याची अट घातली. आपल्याकडे नुसती मूठ पिळून चालणारी गाडीही सुटीत बसते, एवढा फरक. हॉलंडच्या कालव्याकाठी हा आकडा उत्तम होय.

आता तीच सायकल घाटाला लावून पाहावी. सोळाला एक असा चढ आहे, म्हणजे सोळा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. माणूस आणि सायकल मिळून शंभर किलो. २५० वॅटमध्ये ती ताशी बारा-तेरा किलोमीटरने चढेल. हे ठीकच आहे. मागच्या कॅरिअरवर पन्नास किलोचे धान्याचे किंवा खताचे पोते ठेवले की वेग आठावर येतो. वळणावर दहाला एक असा उभा चढ लागला की तो साडेपाचावर उतरतो, म्हणजे माणसाच्या चालीपेक्षा किंचित अधिक. आणि चाकातच बसवलेली मोटर इतक्या मंद फिरताना घेतलेल्या विजेचा मोठा भाग उष्णतेत घालवते. ती तापते, वास येतो, कंट्रोलर बंद पडतो. नियमात ‘तीस मिनिटांची शक्ती’ असे शब्द आहेत, त्यामुळे मोटरने काही क्षण अधिक जोर लावण्यास अटकाव नाही, हा युक्तिवाद खरा आहे. एखाद्या पुलाच्या चढापुरता तो पुरतो. मैलोन्‌मैल चालणाऱ्या घाटाला क्षणांचा हिशोब पुरत नाही.

परिणाम काय होतो? ज्याला पोते वाहायचे आहे तो कायदेशीर सायकल घेऊन फसतो किंवा ‘जोराची’ गाडी मागतो. विक्रेत्याकडे जोराची म्हणजे वेगाचीच गाडी असते. अशा रीतीने शक्तीची मर्यादा, जी वेग रोखण्यासाठी घातली, तीच डोंगरातल्या माणसाला वेगवान आणि बेकायदा गाडीकडे ढकलते. उलट याच चढावर, याच ओझ्यासह, मोटर ५०० वॅटची दिली तरी वेग ताशी सतराच्या आतच राहतो. चढावरचा जादा जोर हा वेग नव्हे. ते ओझे उचलणे आहे. सपाटीवर मात्र त्याच मोटरला २५ ला थांबवलेच पाहिजे.

जगात या भेदाची जाण येऊ लागली आहे. कॅनडातील बहुतेक प्रांतांत ५०० वॅट चालतात, मात्र तिथे वेगही ३२ पर्यंत वाढवलेला आहे; अमेरिकेच्या संघीय कायद्यात ७५० वॅट आहेत. आपल्या दृष्टीने अधिक शिकण्याजोगी उदाहरणे युरोपातलीच आहेत. युरोपीय संघाने २०१३ च्या नियमावलीत हजार वॅटपर्यंतचा एक वर्ग मान्य केला, पण साहाय्य २५ लाच तुटले पाहिजे अशी अट ठेवली आणि त्यासाठी रीतसर मान्यतेची पायरी घातली. डोंगराळ स्वित्झर्लंडने २०२५ च्या जुलैपासून मालवाहू विजेच्या सायकलींना दोन हजार वॅटपर्यंत मुभा दिली. वेग तोच, २५. ब्रिटनने मात्र २०२४ मध्ये मर्यादा ५०० वॅट करण्याचा विचार लोकांपुढे ठेवला आणि २०२५ च्या जानेवारीत तो सोडून दिला. तिथल्या विरोधकांचे म्हणणे झटकून टाकण्याजोगे नाही: मोटर दणकट दिली की लगाम तोडण्याचा मोह वाढतो आणि तुटलेल्या लगामाची गाडी अधिक घातक ठरते.

या आक्षेपाला उत्तर आहे, पण ते कारखान्यात द्यावे लागेल, चौकात नव्हे. विजेची मोटर ठरावीक दाबाच्या बॅटरीवर किती वेगाने फिरू शकेल हे तिच्या तारेची वेटोळी आणि दात्यांची चाके कशी योजली यावर ठरते. जोरासाठी योजलेली मोटर कितीही छेडछाड केली तरी त्या बॅटरीवर फार पळू शकत नाही. बैल आणि घोडा यांच्यात असतो तसा हा फरक आहे. वेगाची मर्यादा एका सोडवता येणाऱ्या तारेत न ठेवता मोटरच्या बांधणीतच असावी, असे नियमाने सांगता येईल. चाचणी संस्था पुण्यात आहेत, ज्ञान आहे. आज प्रमाणपत्र एका नमुन्याला मिळते आणि दुकानात काय विकले जाते ते पुढे पाहिले जात नाही. दुकानातून गाड्या उचलून तपासण्याची पद्धत सुरू केली तर घाटात पोलीस उभा करण्याची गरजच उरणार नाही.

आणखी एका गोष्टीकडे नियमाचे लक्ष गेलेले नाही. घाट जसा चढायचा असतो तसा उतरायचाही असतो. उतारावर मोटर बंद असते. २५ ला शक्ती तोडण्याचा नियम तिथे निरर्थक होतो, कारण गाडी गुरुत्वाकर्षणाने पळते. तिथे जीव वाचवतो तो ब्रेक. नियमात मात्र ‘योग्य ब्रेक’ एवढाच मोघम शब्द आहे. पुन्हा वजन मोजायचे ते बॅटरी वगळून. जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांचा संच पंचवीस-तीस किलोंचा असतो. तो कागदावर वजनात धरला जात नाही, पण उतारावर थांबवताना धरावाच लागतो, आणि समोर आलेल्या पोराला तो वगळून धडक बसत नाही. ओझे घेऊन लांब उतार उतरल्यावरही ब्रेक धरतात की नाही याची चाचणी सक्तीची करणे, हे वॅटच्या वादापेक्षा कितीतरी तातडीचे आहे.

सरकारी पैशाचा ओघ कुठे गेला तेही पाहण्यासारखे आहे. २०१९ च्या एप्रिलपासून २०२४ च्या मार्चपर्यंत चाललेल्या केंद्राच्या ‘फेम’ योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात विजेच्या दुचाकींना अनुदान होते. त्यासाठी पात्रता काय? गाडीचा कमाल वेग किमान ताशी ४० असला पाहिजे आणि एका भारणीत ती ८० किलोमीटर गेली पाहिजे. म्हणजे ज्याला लाखभराची स्कूटर परवडते त्याला सरकार हात देणार आणि जी मंद, स्वस्त, परवान्याशिवाय चालणारी, तिला काही नाही. दिल्ली सरकारने २०२२ साली पहिल्या दहा हजार विजेच्या सायकलींना साडेपाच हजारांपर्यंत साहाय्य जाहीर केले होते. ते राजधानीच्या रस्त्यांसाठी. वेगवान तेच प्रगत, असे मानणारी ही अनुदाननीती आणि मंद गाडीचा लगाम सोडवून देणारा विक्रेता यांची जात एकच म्हणावी लागेल.

जिवतीच्या सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांनी हक्क सांगितला, त्यामुळे तिथे दोन्हींच्या शाळा आणि दोन्हींची शिधापत्रिका अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. २०२३ च्या मार्चपासून महाराष्ट्राच्या एसटीत स्त्रियांना अर्धे भाडे आहे आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तेलंगणच्या बसमध्ये त्यांना मुळीच भाडे नाही. तेव्हा एकाच फाट्यावर उभ्या असलेल्या दोन बाया कुठली बस आधी येते त्याप्रमाणे निराळे पैसे मोजतात. विजेच्या सायकलीचे नियम मात्र केंद्राचे असल्यामुळे दोन्हीकडे एकच आहेत. ते बदलायचे तर दिल्लीतच बदलावे लागतील. मोटार वाहन कायद्याप्रमाणे नियमांचा मसुदा आधी प्रसिद्ध करावा लागतो आणि त्यावर सामान्यतः तीस दिवसांत कुणालाही हरकती व सूचना पाठवता येतात. मसुदा राजपत्रात हिंदी आणि इंग्रजीतून छापला जातो. तो मराठीत आणून आठवडी बाजाराच्या दिवशी वाचून दाखवणे, कोलामी आणि गोंडीत समजावून देणे आणि घाट चढणाऱ्यांची ओझी, चढ व उतार आकड्यांनिशी लिहून त्या तीस दिवसांत पाठवणे, एवढे काम कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे आहे.